गणपतीची वाट आणि सेकंदाचा हिशेब



भाद्रपद तोंडावर आला कीं मुंबई, ठाणें, पुणें येथील कोंकणी घरांतून एकच बोलणें ऐकूं येऊं लागतें : कधीं निघायचें आणि कशानें जायचें? रेल्वेचीं तिकिटें केव्हांच संपलेलीं असतात, एस. टी.च्या जादा गाड्या भरून जातात, आणि मग उरलेलीं कुटुंबें घरच्या किंवा भाड्याच्या मोटारी काढून पनवेलच्या पुढें महामार्ग क्रमांक ६६ वर रांग लावतात. आम्हां जुन्या माणसांच्या तोंडीं त्याचा १७ हा जुनाच क्रमांक अजून बसलेला आहे. मला स्वतःला मोटार हांकतां येत नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. चिपळूण तालुक्यांतील आमच्या गांवाजवळच्या शाळेंत काळ, काम आणि वेग यांचीं उदाहरणें मुलांकडून सोडवून घेण्यांत माझें आयुष्य गेलें. आज जें सांगणार आहें तें त्या उदाहरणांपलीकडचें फारसें नाहीं. मात्र तें मला स्वतःला फार उशिरां समजलें.

ताशीं ६० किलोमीटर म्हणजे मिनिटास एक किलोमीटर, हें कोणीही सांगेल. पण सेकंदास किती? सुमारें १७ मीटर. ताशीं ८० ला २२ मीटर आणि १०० ला जवळजवळ २८. समोर कांहीं आडवें आलेलें डोळ्यांना दिसणें, मनानें तें ओळखणें आणि पाय ब्रेकवर पडणें, एवढ्याला सावध माणसालाही एक सेकंद लागतो. पुष्कळांना दीड लागतो. तेव्हां ८० च्या वेगानें जाणारी मोटार, ब्रेकला पाय लागण्यापूर्वींच, २२ मीटर पुढें गेलेली असते.

पुढचा भाग मात्र त्रैराशिकाचा नव्हे, वर्गाचा आहे, आणि येथेंच चांगलीं शिकलेलीं माणसें फसतात. वेग ४० चा ८० झाला म्हणजे काटा दुप्पट सरकतो, म्हणून थांबायला जागाही दुप्पट लागेल असें वाटतें. ती लागते चौपट. कोरड्या डांबरी रस्त्यावर ८० च्या वेगांतील मोटार ब्रेक दाबल्यापासून सुमारें ३६ मीटरांत थांबते. तोच रस्ता पावसानें भिजलेला असेल तर साठाहून अधिक मीटर लागतात. त्यांत आधींचे २२ मिळवा. एकूण ८५ च्या घरांत जातें. कबड्डीचें मैदान १३ मीटर लांब असतें. अशीं साडेसहा मैदानें एकापुढें एक आंखलीं आहेत अशी कल्पना करा, म्हणजे ती लांबी डोळ्यांसमोर येईल. आणि हा हिशेब चांगल्या टायरचा आहे. टायरवरील खांचा रस्त्यावरचें पाणी बाजूला सारण्यासाठीं असतात. त्या झिजून गुळगुळीत झाल्या कीं चाक पाण्याच्या थरावर तरंगूं लागतें, आणि मग ब्रेकही नाहीं आणि वळणेंही नाहीं.

आतां रात्र घ्या. मोटारीचा खालच्या झोताचा दिवा रस्ता जेमतेम चाळीस-पन्नास मीटर नीट दाखवितो. थांबायला ८५ मीटर आणि दिसायला ५० ! म्हणजे पावसाळी रात्रीं ८० च्या वेगानें जाणारा गृहस्थ मधले ३५ मीटर केवळ विश्वासावर जात असतो. तेथें गुरें बसलेलीं नसतील, बंद पडलेला ट्रक नसेल, दरड आलेली नसेल, असा हा विश्वास. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरांत वाहून गेला आणि एस. टी.च्या दोन गाड्या इतर वाहनांसह नदींत गेल्या. त्या चालकांना मी दोष देत नाहीं. पूल नाहींसा झाला असेल ही शंका कोणाला यावी? परंतु त्या रस्त्यावर रात्रीं दिव्यापुढचा काळोख ही काय वस्तु आहे, हें त्या दिवसापासून आमच्याकडे कोणाला शिकवावें लागत नाहीं.

एवढी धोक्याची किंमत देऊन मिळतें काय, तेंही पाहूं. शंभर किलोमीटरांचें अंतर ६० च्या वेगानें १०० मिनिटांत आणि ८० च्या वेगानें ७५ मिनिटांत कापलें जातें. बचत २५ मिनिटांची, आणि तीही कागदावर. आपणांस कर्णा वाजवीत, डाव्या बाजूनें घुसून मागें टाकून गेलेली मोटार पुढच्या गांवच्या बाजारपेठेंतील कोंडींत आपल्या पुढें तिसरी उभी असते, हा अनुभव आपणांपैकीं बहुतेकांना असेल. माझ्या वर्गांत असा एक मुलगा होता. सर्वांच्या आधीं पाटी दाखवायला धांवायचा आणि उत्तर चुकल्यामुळें दोनदां परत जायचा.

वेगाचा हिशेब निदान काट्यावर दिसतो. झोंपेचा कोठेंच दिसत नाहीं. सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस, रक्तांत १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, असें शास्त्रज्ञांनीं प्रयोगानें दाखविलें आहे. आपल्या कायद्याची मद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. आतां कोंकणांत निघणाऱ्या कोणत्याही नोकरदाराचा दिवस मांडून पाहा. सकाळीं सहाला उठला, कचेरींत गेला, संध्याकाळीं मखराचें सामान आणलें, बॅगा बांधल्या आणि रात्रीं अकराला, रस्ता मोकळा मिळेल म्हणून, मोटारींत बसला. सहा ते अकरा म्हणजे बरोबर सतरा तास. ज्यानें जन्मांत मद्याला स्पर्श केला नाहीं असा सज्जन गृहस्थ घरच्या मंडळींना घेऊन त्या अवस्थेंत प्रवासाला आरंभ करतो. रात्रीं दोन ते पहांटे पांच हा शरीराच्या स्वाभाविक सुस्तीचा काळ तर अजून यायचाच असतो. चार सेकंदांची डुलकी ज्याला लागली त्याला ती लागल्याचेंही पुष्कळदां कळत नाहीं. ८० च्या वेगांत त्या चार सेकंदांत मोटार ८९ मीटर जाते.

आमच्या घरची गोष्ट २०१५ सालची. १७ सप्टेंबरला चतुर्थी होती. थोरले बंधू आधींच निवर्तले होते. माझा पुतण्या त्याच्या आईला, म्हणजे आमच्या वहिनींना, घेऊन डोंबिवलीहून निघाला. रात्रीं अकराला वहिनींचा फोन आला, "भाऊजी, आम्ही निघालों. आरतीला आमच्यासाठीं थांबा." त्यावर मीं काय म्हणावें? "भटजी सातला येणार आहेत, पहांटे पोहोंचा." दोनदां पुन्हां फोन केला तोही मींच. वडखळला कोंडींत अडकलों आहों असें पुतण्या म्हणाला, तेव्हां, "मग आतां जरा उरका," असें मीं त्याला सांगितलें. सवाचारच्या सुमारास माणगांवच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर, मोटार कडेच्या झाडावर गेली. ब्रेकची खूण रस्त्यावर नव्हती. पुतण्याचा पाय मोडला. पट्टा बांधलेला असल्यामुळें तो वांचला. वहिनी मागच्या आसनावर आडव्या होऊन निजल्या होत्या. बाहेरून मोठी जखमही दिसत नव्हती. रुग्णालयांत पोहोंचण्यापूर्वींच त्या गेल्या.

मागच्या आसनाविषयीं आपल्याकडे एक खोटा भरंवसा आहे. पुढची पाठ मऊ, आपण सुरक्षित, अशी समजूत. प्रत्यक्षांत मोटार थांबते, आंतला माणूस थांबत नाहीं. तो मोटारीच्याच वेगानें पुढें जातो. ताशीं ६० च्या वेगानें आदळणें म्हणजे सुमारें १४ मीटर उंचीवरून, चौथ्या मजल्याच्याही वरून, खालीं पडणें आहे. मूल मांडीवर घट्ट धरलें आहे असें आई म्हणते. दहा किलोचें मूल त्या वेगांत सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत थांबवायचें तर हातांवर १७० किलोंचा भार येतो. कोणाचे हात तो पेलतील? खांद्यावरून व कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा निल्स बोलिन नांवाच्या व्होल्व्हो कंपनीतील स्वीडिश इंजिनियरानें १९५९ सालीं तयार केला, आणि कंपनीनें त्याचा हक्क सर्वांना खुला ठेवला. आपल्याकडे मागच्या आसनावरही तो बांधणें नियमानें सक्तीचें आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं, गणेशोत्सवांतच, टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यांत अपघाती अंत झाला तेव्हां ती मोटार कांहीं सामान्य नव्हती. पुढचीं दोघें वांचलीं, मागचीं दोघें गेलीं. मागच्यांनीं पट्टे बांधलेले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें. त्या एका वर्षांत देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं असें सरकारी अहवाल सांगतो, आणि त्यांतील शेंकडा सत्तरांहून अधिक मृत्यूंपुढें कारण अतिवेग असें लिहिलेलें आहे.

घाटाविषयीं थोडें. कशेडीला आतां बोगदा झाला, तरी कोंकणांत उतार पुष्कळ राहिले आहेत. उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि ऐनवेळीं धरत नाहींत; म्हणून ज्या गिअरमध्यें चढ चढाल त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा पाठ आजही खरा आहे. अरुंद जागीं चढणाऱ्या वाहनाला आधीं वाट द्यावी, हा तर नियमच आहे.

दुसऱ्याचा अपघात दिसला तर काय करावें? आमच्या वहिनींच्या वेळीं तीन मोटारी थांबल्या नाहींत, असें पुतण्या सांगतो. पोलिसांच्या चौकशीचें भय, दुसरें काय ! ३० मार्च २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें आणि नंतर २०१९ च्या कायद्यांतील दुरुस्तीनें तें भय निराधार ठरलें आहे. जखमीला मदत करणाऱ्यावर खटला होत नाहीं, आणि नांव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाहीं. १०८ वर रुग्णवाहिका मिळते, ११२ वर पोलीस, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

आतां मुहूर्ताचें. वहिनींचें दिवसकार्य आटोपल्यावर मीं भटजींना विचारलें, सातलाच पूजा व्हायला हवी होती काय? ते म्हणाले, "मास्तर, गणेशपूजनाला मुख्य काळ मध्यान्हाचा. सातची वेळ माझ्या सोयीची. मला त्या दिवशीं वीस घरें असतात." म्हणजे ज्या घटकेसाठीं मीं तीन फोन केले ती पंचांगांत नव्हतीच. घरचीं वडील माणसें फोनवरून जी घाई लावतात ती शंभर किलोमीटर दूर असलेल्या पायावर दाब देत असते, हें माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराला साठीच्या उंबरठ्यावर कळलें.

तेव्हांपासून आमच्या घरचा क्रम बदलला आहे. पुतण्या आदल्या दिवशीं रजा काढतो, रात्रीं पुरता निजतो आणि उजाडल्यावर निघतो. दर दोन तासांनीं थांबतो; डोळा जड झाला तर चहा घेऊन वीस मिनिटें मोटारींतच निजतो, कारण चहाचा गुण यायलाही तेवढाच वेळ लागतो. पट्टे सर्वांचे बांधून झाल्याखेरीज तो किल्ली फिरवीत नाहीं. फोन करायचा तो त्यानेंच, आणि तोही मोटार उभी करून. एका वर्षीं दरडीमुळें तो वाटेंतच अडकला, रात्रीं एका ओळखीच्या घरीं राहिला आणि चतुर्थीला दुपारीं साडेबाराला येऊन पोहोंचला. भटजी इतर घरें उरकून बसून राहिले होते. त्या वर्षीं आमच्याकडे आरती सव्वा वाजतां झाली.