कात्रीच्या आधी कंगवा

टॉय पूडल, बिशॉन फ्रिझे किंवा पूडलच्या संकरातून आलेली मालटीपूसारखी लहान कुत्री शहरातल्या घरांना भावतात, त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांचे केस घरभर गळत नाहीत. सतरंजीवर केस नाहीत, कपड्यांवर नाहीत. हे बऱ्याच अंशी खरंही आहे. पण जो केस जमिनीवर पडत नाही तो जातो कुठे, हे पिल्लू घरी आणताना फारसं कुणी विचारत नाही. तो कुत्र्याच्या अंगावरच राहतो आणि तो काढण्याचं काम माणसावर येऊन पडतं. हे काम महिन्या-दीड महिन्यातून एकदा पार्लरमध्ये उरकणारं नाही. ते घरीच, रोज थोडं थोडं करावं लागतं. त्याला नटवण्याचा भाग समजणं ही चूक आहे. दात घासणं किंवा अन्नपाणी देणं यांच्याच पंक्तीत ते बसतं.

यामागचं कारण केसाच्या घडणीत आहे. बहुतेक कुत्र्यांचा केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतो, थांबतो आणि गळून पडतो. पूडलच्या केसाचा वाढीचा काळ फार लांब असतो, त्यामुळे तो वाढतच जातो आणि कापावाच लागतो. 2009 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं की जातिवंत कुत्र्यांच्या केसांमधले बहुतेक फरक अवघ्या तीन जनुकांवरून उलगडतात. एक केसाची लांबी ठरवतं, दुसरं कुरळेपणा आणि तिसरं भरघोस मिशा-भुवया. लांबी आणि कुरळेपणा एकत्र आले की सुटलेला केस बाहेर पडू शकत नाही, शेजारच्या वळणांत अडकतो. त्यात ओल आणि घर्षण मिळालं की भिजवून घोळलेल्या लोकरीचा नमदा व्हावा तशी त्याची घट्ट जट बनते. म्हणून जटा हमखास होतात त्या घासल्या जाणाऱ्या जागी: कानांमागे, पट्ट्याखाली, पुढच्या पायांच्या बगलेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी आणि बोटांच्या मधे. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे दाट केस येतात तेव्हा, म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या आगेमागे काही महिने, हा त्रास एकदम वाढतो. तोवर सहज विंचरलं जाणारं कुत्रं आठवडाभरात गुंत्याने भरलं की मालक गोंधळतात, कारण तोपर्यंतची सवय या नव्या केसांना पुरी पडत नाही.

जट ही नुसती दिसायला वाईट नसते. ती कातडी सतत ओढून धरते, त्यामुळे प्रत्येक पावलाला दुखतं. तिच्याखाली हवा जात नाही, ओल सुकत नाही, कातडी लाल होते, चिघळते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हा धोका सगळ्यात मोठा, कारण फिरून आलेलं कुत्रं वरून कोरडं वाटलं तरी मुळाशी दिवसभर ओलं राहू शकतं. अशा झाकलेल्या जखमेवर माशी बसली तर किडेही पडतात. गोचीडही दाट केसांत लपतात, आणि बबेसिया, एर्लिकिया यांसारखे गंभीर आजार त्यांच्यामार्फतच पसरतात. रोज हात फिरणाऱ्या घरात गोचीड, गाठ, कानाचा आंबूस वास किंवा दुखरी जागा लवकर सापडते. विंचरणं ही एक प्रकारची तपासणीच आहे, आणि माझ्या मते तिचं सर्वांत मोठं मोल इथेच आहे.

मात्र विंचरण्याचीही रीत आहे. पाठीवरून वरवर ब्रश फिरवला की केस छान फुलतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. जट मात्र कातडीलगत तशीच असते. म्हणून एका हाताने केस वर धरून भांग पाडायचा, कातडी दिसली पाहिजे, आणि खालच्या बाजूने थराथराने वर सरकायचं. आधी बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश हलक्या हाताने, कारण जोर दिला तर त्या तारा कातडी खरवडतात. मग स्टीलचा कंगवा. तो मुळापासून टोकापर्यंत न अडता गेला, तरच तो भाग झाला असं समजायचं. गुंता लागला तर कातडी आणि गुंता यांच्या मधे केस चिमटीत धरायचे, म्हणजे ओढ कातडीपर्यंत पोचत नाही, आणि टोकाकडून बोटांनी सोडवत यायचं. जट कातडीला चिकटली असेल तर ती क्लिपरने काढावी किंवा जाणकाराकडे न्यावं. तिथे कात्री कधीच घालू नये. जटेबरोबर कातडीही वर ओढली गेलेली असते आणि केस कुठे संपतो ते दिसत नाही. कानाची कड आणि बगलेची घडी अशाच कापल्या जातात. अंघोळही गुंता काढल्यावरच घालावी, कारण पाण्याने जट अधिक आवळते. शाम्पू कुत्र्यांचाच हवा. त्यांच्या कातडीचा सामू माणसापेक्षा वेगळा असतो. नंतर टॉवेलने घासायचं नाही, दाबून टिपायचं. मग ड्रायरची कोमट हवा सोडत, सोबत ब्रश करत, केस मुळापर्यंत कोरडे करायचे.

यावर पहिला आक्षेप असा की पैसे मोजून पार्लर आहेच. कापणीसाठी, नखांसाठी ते जरूर असावं. पण जट होते ती दोन भेटींच्या मधल्या दिवसांत. जटांनी भरलेलं कुत्रं टेबलावर आलं, तर कसबी माणसाजवळही सगळं भादरण्याखेरीज दयाळू उपाय उरत नाही. दुसरा आक्षेप: मग कायमचंच भादरून टाकावं. यात तथ्य आहे. आपल्या दमट हवेत सेंटिमीटरभर आखूड केस हा शहाणपणाचा निर्णय आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण अगदी कातडीलगत भादरलं तर उन्हाचा आणि ब्लेडचा त्रास होतो. क्लिपरच्या ब्लेडचा आकडा जितका मोठा तितका केस आखूड; दहा नंबरचं ब्लेड जेमतेम दीड मिलिमीटर केस ठेवतं. शिवाय ब्लेड चालता चालता तापतं, म्हणून ते मधूनमधून आपल्या मनगटाला लावून पाहावं लागतं. आणि केस आखूड असले तरी कान, पंजे, बगला विंचराव्याच लागतात, फक्त वेळ कमी लागतो. तिसरा आक्षेप सर्वांत खरा: कुत्र्याला हे आवडत नाही. बहुतेकदा त्याला विंचरणं नकोसं नसतं, ओढलं जाणं नकोसं असतं. गुंता साठवून महिन्याने बसवलं तर ते दुखणारच. पिल्लू असल्यापासून दोन-दोन मिनिटं, पंजा-कान-हनुवटीला हात लावण्याची सवय, पाठोपाठ खाऊ, आणि कंटाळण्याआधी थांबणं, एवढ्याने बरंच साधतं. तरीही जे कुत्रं एखाद्या जागी हात लावताच गुरगुरतं, त्याला दटावण्याआधी पशुवैद्याला दाखवावं. तिथे दुखत असण्याची शक्यता असते.

तेव्हा कुरळ्या केसांचं पिल्लू घेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: किंमत विचारण्याआधी स्वतःच्या दिवसातली दहा मिनिटं मोजा. ती निघत असतील तर चांगला स्टीलचा कंगवा आणि स्लिकर ब्रश पहिल्याच दिवशी आणा. निघत नसतील तर केस कायम आखूड ठेवण्याची तयारी ठेवा, किंवा इथल्या हवेत रुळलेलं, आखूड केसांचं आपलं गावठी कुत्रं पाळा. प्रेम तेही तितकंच करतं.