रजोनिवृत्ती आणि वंध्यत्व : ग्रामीण स्त्रीआरोग्यात निदानाचे महत्त्व
(विशेष संदर्भ : घोटी परिसर)

प्रस्तावना :

स्त्रीच्या आरोग्याचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने गरोदरपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन या तीन अंगांनी होत आला. या चौकटीबाहेर दोन स्त्रिया राहिल्या. एक, लग्नाला काही वर्षे होऊनही मूल न झालेली. दुसरी, पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर उभी असलेली. पहिलीच्या वाट्याला दोषारोप येतो, दुसरीच्या वाट्याला ‘वयाचे आहे, सोसायचे’ हा सल्ला. दोघींच्याही बाबतीत घडते ते एकच : निदान होत नाही.

इगतपुरी तालुक्यातील घोटी ही मुंबई-आग्रा महामार्गावरील भाताची मोठी बाजारपेठ आहे. भोवतालच्या डोंगरी व आदिवासी गावांचा बाजारहाट आणि दवाखाना येथेच होतो. पावसाळ्यात भाताच्या आवणीची बहुतांश कामे स्त्रिया वाकून, चिखलात उभ्या राहून करतात. अशा भागात कंबरदुखी, अतिरक्तस्राव किंवा अनियमित पाळी या तक्रारी कामाच्या धबडग्यात मागे पडणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही अवस्थांचे शास्त्रीय स्वरूप, त्यांच्या निदानाची पद्धती आणि निदानाविना केलेल्या उपचारांचे परिणाम यांचा विचार केला आहे.

दोन प्रश्नांचे समान मूळ :

रजोनिवृत्ती आणि वंध्यत्व हे प्रश्न वरवर वेगळे दिसतात. परंतु दोहोंचा संबंध बीजांडकोशातील स्त्रीबीजांच्या साठ्याशी आहे. मुलगी जन्मते तेव्हा हा साठा सुमारे १० ते २० लाख असतो. वयात येताना तो तीन-चार लाखांवर येतो आणि पुढील आयुष्यात त्यांपैकी केवळ चारशेच्या आसपास बीजे पक्व होऊन बाहेर पडतात. पस्तिशीनंतर साठा व गुणवत्ता वेगाने घटते. साठा जवळजवळ संपला की इस्ट्रोजेन या संप्रेरकाची निर्मिती मंदावते व पाळी थांबते. हीच प्रक्रिया चाळिशीच्या आत घडली, तर त्या स्त्रीसमोर वंध्यत्व आणि रजोनिवृत्ती हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी उभे राहतात.

या संदर्भात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील कार्य उल्लेखनीय आहे. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी तेथे शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेले भारतातील पहिले ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्मास आले. पुढे १९९१ मध्ये डॉ. हिंदुजा यांनी, बीजांडकोशांचे कार्य अकाली थांबलेल्या स्त्रियांसाठी दात्या स्त्रीच्या बीजाचा वापर करण्याचे तंत्रही यशस्वी केले. आज या क्षेत्राचे नियमन २०२१ च्या साहाय्यित जननतंत्रज्ञान कायद्यान्वये होते. उपचारांसाठी स्त्रीचे वय २१ पेक्षा अधिक व ५० पेक्षा कमी असावे, अशी तरतूद त्यात आहे.

रजोनिवृत्ती : लक्षणे व उपचार :

सलग १२ महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांत तिचे सरासरी वय ४६-४७ वर्षे, तर पाश्चात्त्य स्त्रियांत ५१ च्या सुमारास आढळते. अंगातून एकाएकी गरम वाफा येणे, रात्री घाम फुटणे, झोप उडणे, चिडचिड, योनिमार्गाचा कोरडेपणा, वारंवार मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग ही तिची प्रमुख लक्षणे होत. हाडांची झीज मात्र लक्षणांविना सुरू राहते व अस्थिभंगानंतरच लक्षात येते.

पंचेचाळिशीनंतरच्या स्त्रीमध्ये निदानासाठी सहसा महागड्या चाचण्या लागत नाहीत. वय आणि पाळीचा इतिहास पुरेसा असतो. तत्पूर्वी पाळी थांबल्यास मात्र एफ.एस.एच., थायरॉईड व प्रोलॅक्टिन या तपासण्या आवश्यक ठरतात. लक्षणे तीव्र असल्यास संप्रेरक उपचार सर्वाधिक परिणामकारक आहेत. २००२ मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासाच्या निष्कर्षांमुळे त्यांविषयी मोठी भीती निर्माण झाली. नंतरच्या फेरविचारातून, साठीच्या आतील किंवा रजोनिवृत्तीला दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रियांमध्ये लाभ सामान्यतः धोक्यापेक्षा अधिक असल्याचे स्पष्ट झाले. गर्भाशय शाबूत असल्यास इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते. स्तनाचा कर्करोग, रक्तात गुठळ्या होण्याचा इतिहास, यकृताचा गंभीर विकार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असल्यास हे उपचार टाळले जातात. त्यांना चालणे, पुरेशी प्रथिने व कॅल्शियम यांची जोड हवी. या परिसरात डोंगरउतारावर पिकणारी नागली कॅल्शियमच्या दृष्टीने तांदळाहून कितीतरी सरस आहे.

एक लक्षण मात्र कधीही दुर्लक्षिता येत नाही. पाळी पूर्ण थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाल्यास, तो थेंबभर असला तरी, सोनोग्राफी आणि आवश्यकतेनुसार गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणे अनिवार्य आहे. त्यामागे कर्करोग असू शकतो.

निदानाविना शस्त्रक्रिया :

निदान टाळल्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या माहितीनुसार पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. अंगावरून जाणे, पोटदुखी यांसारख्या अनेकदा औषधांनी बऱ्या होणाऱ्या तक्रारींवरही थेट शस्त्रक्रिया झाल्याचा आक्षेप होता. पाळी आली की मजुरी बुडते, ही आर्थिक विवंचनाही त्यामागे होती.

अशा शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले गेल्यास पस्तिशीच्या स्त्रीला तत्काळ रजोनिवृत्ती येते. ते राखले तरी त्यांचे कार्य लवकर थांबण्याची शक्यता वाढते. परिणामी हाडांची झीज व हृदयविकाराचा धोका दशकभर आधी सुरू होतो. काही राज्यांतील अनावश्यक शस्त्रक्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, केंद्राची याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश राज्यांना दिले.

वंध्यत्वाचे निदान :

गर्भनिरोधक न वापरता नियमित शरीरसंबंध असूनही १२ महिन्यांत गर्भधारणा न झाल्यास तपासणी सुरू करावी. स्त्रीचे वय ३५ पेक्षा अधिक असल्यास सहा महिनेच थांबावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार दर सहापैकी सुमारे एका व्यक्तीला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाचा अनुभव येतो.

तपासणीचा क्रम येथे महत्त्वाचा आहे. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोष हे एकमेव किंवा सहभागी कारण असते. म्हणून सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित अशी वीर्यतपासणी आरंभीच व्हावयास हवी. प्रत्यक्षात स्त्रीच्या सर्व तपासण्या, नवस आणि अंगारे आटोपल्यानंतर, किंवा दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाल्यानंतरच तिचा विचार होतो. स्त्रीमध्ये बीज बाहेर पडते का, संप्रेरकांचे प्रमाण कसे आहे, गर्भनलिका मोकळ्या आहेत का, या क्रमाने शोध घेतला जातो. त्यासाठी रक्ततपासणी, सोनोग्राफी व नलिकांचा क्ष-किरण पुरेसा होतो. दुर्बिणीद्वारे तपासणी निवडक रुग्णांतच लागते. भारतात जननमार्गाचा क्षयरोग हे गर्भनलिका बंद होण्याचे महत्त्वाचे कारण आहे. तो खोकल्याविना, केवळ वंध्यत्वाच्या रूपाने प्रकट होऊ शकतो, हे विशेष लक्षात घ्यावयास हवे.

ग्रामीण वास्तव आणि महाविद्यालयांची भूमिका :

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, पूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. आज घोटी परिसरातच धामणगाव येथे एस.एम.बी.टी. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तथापि रुग्णालय जवळ येणे आणि स्त्रीने तेथे मोकळेपणाने तक्रार सांगणे यांत मोठे अंतर आहे. ते इमारतींनी नव्हे, संवादाने कमी होते.

येथे महाविद्यालये प्रभावी भूमिका बजावू शकतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत स्त्रीरोगतज्ज्ञांची व्याख्याने व तपासणी, विद्यार्थिनींमार्फत घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांपर्यंत माहिती पोहोचविणे आणि विद्यार्थ्यांमध्ये पुरुष-वंध्यत्वाविषयी शास्त्रीय दृष्टी रुजविणे, हे उपक्रम अल्प खर्चात शक्य आहेत. वेळ आवणी-कापणीच्या हंगामाबाहेरची असावी, ही साधी बाबही उपस्थितीच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

समारोप :

रजोनिवृत्ती हा रोग नाही आणि वंध्यत्व हा स्त्रीचा अपराध नाही. पहिलीतील लक्षणांवर उपचार आहेत, दुसऱ्यामागे शोधता येणारी कारणे आहेत. मात्र दोन्ही ठिकाणी उपचाराआधी निदान आणि निदानाआधी स्त्रीचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक आहे. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळालेल्या स्त्रीने ‘माझे निदान काय झाले?’ आणि वंध्यत्वासाठी आलेल्या स्त्रीने ‘पतीची तपासणी झाली का?’ हे प्रश्न निःसंकोच विचारावेत, एवढे बळ तिला देणे हे स्त्रीशिक्षणाचेच कार्य आहे.