खेळण्यातल्या बंदुकीचे अंतरंग

एअरसॉफ्टची बंदूक दिसते खऱ्यासारखी, पण फेकते ६ मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी, तीही हवेच्या दाबाने. हा खेळ जपानचा. तेथील तोक्यो मारुई कंपनीने १९९१ साली विजेवर चालणारी 'फामास' बाजारात आणली आणि बंदूक उघडून तिचे भाग बदलण्याच्या नादाला पुढे भरच आला.

तिच्या पोटात असते तरी काय? घोडा दाबला की मोटर फिरते, दातेरी चक्रे दट्ट्याला मागे ओढतात, स्प्रिंग दबते. चक्राचे दाते संपले की दट्ट्या सुटतो आणि नळकांड्यातली हवा गोळीमागे रेटतो.

हौशी मंडळी प्रथम स्प्रिंगच बदलतात. मला हे उफराटे वाटते. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली की तिची ऊर्जा १ ज्यूल भरते. ऊर्जा दुप्पट केली तरी वेग दीडपटही होत नाही. चक्रांचे दाते मात्र झिजतात. शिवाय जपानने २००६ साली कायदा दुरुस्त करून मर्यादा १ ज्यूलच्या किंचित खाली ठेवली आहे. डोळा जायला तेवढेही पुरे. चष्म्याविना हा खेळ नाही.

खरी करामत आहे ती नळीच्या मागच्या टोकाशी बसणाऱ्या, 'हॉप-अप' नावाच्या इवल्याशा रबरात. ते गोळीला वरून घासते, गोळी उलटी गरगरत निघते आणि त्या फिरकीने हवेत उचलली जाते. टेबलटेनिसचा 'चॉप' पाहिलेल्यांना हे सांगायला नको. परीक्षणांतून वेगाचे आकडे ठळक छापतात. मी आधी ओळीने दहा गोळ्यांच्या वेगातली तफावत पाहतो. ती फार असली, तर नळकांड्याचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या रेटून पाहावा. हवा निसटली, तर नवी स्प्रिंग आणण्याआधी दट्ट्याच्या तोंडाचे रबरी कडे बदलावे.