फसल, फैसला आणि तपशील

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मागे औसा तालुक्यातले एक गृहस्थ जुना उर्दू कागद घेऊन आले. त्यांच्या आजोबांनी केलेल्या जमीन खरेदीचा होता तो. वर साल होते १३५२. "गुरुजी, हा कागद साडेसहाशे वर्षांचा आहे का हो?" त्यांनी हसतच विचारले. त्यांच्या चुलतभावाने साल हिजरी धरून १९३३ हे उत्तर काढून ठेवले होते. भावकीतली वाटणी झाली १९४० मध्ये. खरेदी त्याआधीची असेल तर जमीन सगळ्यांची, नंतरची असेल तर एकट्या आजोबांची. सगळे घोडे त्या चार आकड्यांवर अडले होते. आकड्यांपुढे एक लहानसा शब्द होता, तो कोणी वाचलाच नव्हता. 'फसली'.

शब्द मूळचा अरबी. 'फस्ल' म्हणजे तोडणे, वेगळे करणे. वर्षाचा वेगळा पाडलेला तुकडा तो ऋतू, आणि ग्रंथाचा तुकडा तो अध्याय. फारसीने दोन्ही अर्थ घेतले. इराणात आजही ऋतूला फस्लच म्हणतात. हिंदुस्थानात मात्र ऋतूवरून शब्द त्या ऋतूच्या पिकावर आला. नांदेड-लातूरच्या बाजारात दखनी बोलणारा माणूस 'फसल कैसी है?' विचारतो, तेव्हा त्याला सोयाबीन आणि तूर अभिप्रेत असते. याच धातूचे आणखी काही शब्द आपण रोज वापरतो. खरे-खोटे वेगळे केले की फैसला. दोन गावे वेगळी ठेवणारे अंतर म्हणजे फासला. एकेक बाब सुटी करून सांगितली की तो तफसील, आपला तपशील!

खरीप आणि रब्बी हेही अरबीच. खरीफ म्हणजे शरद, रबी म्हणजे वसंत. पण आपण खरीप पेरतो मृगात आणि रब्बी दसऱ्याच्या आगेमागे. मग हे कसे? ही नावे पेरणीची नाहीतच, काढणीची आहेत. पेरणाऱ्याच्या नव्हे, वसूल करणाऱ्याच्या नजरेने ठेवलेली, असे मला तरी वाटते. 'महसूल' शब्दच बघा ना. फारसीत त्याचा अर्थ उत्पन्न, शेतमाल. आपल्याकडे तो सरकारी सारा झाला!

फसली सालही या वसुलीतूनच जन्मले. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचे. आपल्या अधिकमासासारखी सोय त्यात नाही. ते दरवर्षी अकरा दिवस मागे सरकते आणि सुमारे ३३ वर्षांत एक वर्ष जादा भरते. पिके ३३ वर्षांची आणि सारा ३४ वर्षांचा, हे कुळाने कसे सोसावे? म्हणून अकबराच्या काळात सूर्यावर चालणारे, पिकाशी जुळणारे साल सुरू झाले. दख्खनमध्ये ते शाहजहानच्या काळात आले. उत्तरेतल्या आणि इथल्या फसलीत सुमारे दोन वर्षांचा फरक आहे, हे विसरू नये.

निजामी राज्यात फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. महिने अजूर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे. नावे तीच असली तरी इराणातल्या महिन्यांशी त्यांचा मेळ नाही. तिकडचा खुर्दाद मे-जूनमध्ये येतो, इथला एप्रिल-मेमध्ये. हिशेब सोपा आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेला फसली सालात ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे हैदराबाद मुक्त झाले तो दिवस, १३५७ फसलीतला.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरे पुन्हा उघडली गेली, तेव्हा अनेक घरांतून असे कागद बाहेर निघाले. ते वाचून घ्यायचे असतील तर उर्दू जाणणाऱ्याकडून महिन्याचे नावही वाचून घ्यावे. नुसते साल पुरत नाही. आणि त्यापुढे 'हिजरी' आहे की 'फसली', हे आधी पाहावे.

त्या गृहस्थांच्या कागदावर महिना होता खुर्दाद. १३५२ अधिक ५९१, म्हणजे १९४३ चा एप्रिल किंवा मे. वाटणीला तीन वर्षे होऊन गेली होती. त्यांनी दोनदा बेरीज करून पाहिली, कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "आता हे चुलतभावाला मी सांगू, की तुम्हीच येता?"