सोयाबीनच्या मुळातला धडा

वाशिम जिल्ह्यात खरीप म्हटलं की सोयाबीन. निंदताना एखादं रोप मुळासकट हातात आलं, तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळतात ते या गाठींसाठीच. त्यातले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात, हे बहुतेकींना ठाऊक असतं. पण हे करताना तिथे थोडा हायड्रोजनही तयार होतो!

हायड्रोजन जळला की धूर नाही, नुसती वाफ. पाण्यात वीज सोडली की तो निघतो, हे १८०० साली इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी दाखवलं. मग अडलं कुठे? खर्चात. एक किलो हायड्रोजनला साधारण ५० युनिट वीज लागते. वीज कमी लागावी म्हणून उत्प्रेरक वापरतात. तो काम सोपं करतो, स्वतः मात्र संपत नाही. यातले सर्वांत गुणी म्हणजे प्लॅटिनम आणि इरिडियम. दोन्ही सराफाच्या पेढीत शोभणारे!

गाठीतल्या जिवाणूंकडे कुठलं आलंय प्लॅटिनम? त्यांचं काम लोखंड, मॉलिब्डेनम आणि गंधकावर चालतं. हाच धागा धरून २००५ साली डेन्मार्कमध्ये बेरिट हिनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉलिब्डेनम सल्फाइड तपासलं. ग्रीसमध्ये घालतात ती ही काळी पूड. प्लॅटिनमइतकी नाही, पण हायड्रोजन काढायला ती चांगली निघाली. गंमत म्हणजे काम करतात ते तिच्या कणांचे काठ. एका मोठ्या भाकरीऐवजी तेवढ्याच पिठाच्या लहान पुऱ्या लाटल्या, तर काठ जास्त मिळतो ना? नॅनो कण म्हणजे तेच.

याचं आपल्याला काय? डीएपीसारख्या खतांना अमोनिया लागतो आणि अमोनियाला हायड्रोजन. तो आज मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात आणि त्यातला बराच वायू आपण परदेशातून आणतो. म्हणूनच केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य आहे.

फक्त एक हिशेब विसरू नका. एक किलो हायड्रोजनला किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागतं. उत्प्रेरक स्वस्त होईल, पाणी होणार नाही. उद्या आपल्या भागात असा कारखाना आला, तर पाणी कुठून आणणार, हे ग्रामसभेत आधी बायांनीच विचारायला हवं. हंड्याचं ओझं त्यांच्याच डोक्यावर असतं.