कोरियातील बालवर्ग आणि परदेशी बाई

दक्षिण कोरियाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा पोलाद, जहाजे, मोटारी आणि अलीकडे तेथील गाणी व चित्रमालिका यांविषयी. अर्थशास्त्राच्या वर्गात निर्यातप्रधान विकासाचे उदाहरण म्हणून आम्हीही तो देश एका तासात आटोपतो. परंतु या निर्यातदार देशाची एक आयात अशी आहे की, व्यापाराच्या तक्त्यांत ती सहसा कोणी शोधत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकविणारी परदेशी बाई किंवा परदेशी मास्तर, ही ती आयात होय.

ही आयात तशी जुनी आहे. १८८६ साली कोरियाच्या राजाने सोलमध्ये सरदारपुत्रांसाठी इंग्रजी शाळा काढली आणि अमेरिकेतून तरुण शिक्षक बोलावले. त्यांतील होमर हल्बर्ट यांनी पुढे कोरियन लिपीतच भूगोलाचे पुस्तक लिहिले. आज ते सोलमध्ये चिरविश्रांती घेत आहेत. शिकवावयास आलेल्या माणसाने आधी स्वतः शिकावे, ही गोष्ट त्या काळी स्वाभाविक मानली जात असावी. आजची पद्धत निराळी आहे. १९९५ साली शासनाने सरकारी शाळांसाठी परदेशी शिक्षक आणण्याची योजना सुरू केली आणि १९९७ पासून प्राथमिक तिसरीपासून इंग्रजी हा नियमित विषय झाला. तिसरीपर्यंत थांबण्याचे धैर्य मात्र पालकांपाशी उरले नाही. गल्लोगल्लीच्या खासगी शिकवण्यांनी, ज्यांना तेथे 'हागवॉन' म्हणतात, ती उणीव भरून काढली.

या नोकरीसाठी जो परवाना लागतो तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांस मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पदवी कोणत्याही विषयाची चालते. माझ्या मामेभावाची मुलगी कॅनडात जन्मली आणि तेथेच भूगर्भशास्त्र शिकली. ती या वाटेने देगू शहरी गेली आणि दोन वर्षे एका बालवर्गावर होती. गेल्या दिवाळीत ती पुण्यास आली असता तिच्याकडून मी जे ऐकले, त्याचा काही भाग येथे नोंदवितो. अर्जासोबत छायाचित्र मागतात आणि त्यावर बरेच अवलंबून असते, हे तिने हसत सांगितले. पारपत्र कॅनडाचे आणि चेहरा सातारचा. तेव्हा तीन ठिकाणांहून उत्तरच आले नाही. भाषेच्या बाजारात उच्चारापेक्षा कातडीची किंमत आधी ठरते, हा अनुभव तिच्या एकटीचा नव्हे.

सकाळी पिवळ्या गाड्यांतून मुले येतात. दारात बूट काढून घरातले जोडे घालतात. मग दोन्ही हात बेंबीवर ठेवून कमरेत वाकतात. या नमस्काराचे नावच मुळी 'बेंबीचा नमस्कार' असे आहे. वर्गात प्रत्येकाला एक इंग्रजी नाव दिलेले असते. घरातला मिन्-जून येथे केव्हिन होतो. बाईला नावाने कोणी हाक मारीत नाही. 'टीचर, टीचर' असाच पुकारा दिवसभर चालतो. इंग्रजी बोलणाऱ्या तिच्या सहकाऱ्यांना हे खटके. आम्हाला का नाव नाही, असे त्यांना वाटे. आमच्या पुतणीला त्याचे नवल वाटले नाही, कारण तिच्या आईने पंढरपूरच्या शाळेतल्या 'बाईं'च्या गोष्टी तिला सांगितल्या होत्या आणि त्या बाईंचे नाव आईलाही ठाऊक नव्हते. वडीलधाऱ्यांचे नाव तोंडाने घ्यावयाचे नसते, हे तिला कोरियात कोणी समजावून सांगावे लागले नाही.

मुलांचा पहिला प्रश्न असे, 'टीचर, वय किती?' आपल्याला तो उद्धट वाटेल. पण कोरियन भाषेत समोरच्याचे वय कळल्याखेरीज क्रियापदाचा शेवट काय करावा हेच ठरत नाही. आपल्या तू-तुम्ही-आपणपेक्षाही ही उतरंड अधिक बारीक आहे. एका वर्षाने मोठी मुलगीदेखील ताई होते आणि मुलाने तिला 'नूना', तर मुलीने 'ऑन्नी' म्हणावयाचे असते. खुद्द वयाचा हिशेबही २०२३ च्या जूनपर्यंत रोजच्या व्यवहारात निराळा होता. जन्मताच मूल एक वर्षाचे धरीत आणि नव्या वर्षारंभी सर्वांचे वय एकदम वाढे. कायद्याने तो प्रकार थांबविला, तरी मुलांच्या भांडणांत दोन्ही हिशेब सोयीप्रमाणे चालतात.

एकदा तिने फळ्यावर एका मुलाचे नाव लाल खडूने लिहिले. वर्गात एकच गिल्ला झाला आणि एक मुलगी रडू लागली. जिवंत माणसाचे नाव लाल रंगात लिहिणे तेथे अशुभ मानतात. पुढे तिने लाल खडू घरीच ठेवला. कोरियन भाषेत 'फ' चा दंत्योष्ठ्य उच्चार नाही आणि शब्दान्तीची व्यंजने मोकळी सोडण्याची सवय नाही. म्हणून 'कॉफी'चे 'कोपी' होते, 'लंच'चे 'लंची' आणि 'इंग्लिश'चे 'इंग्लिशी'. ('इस्टेशन' आणि 'इस्कूल' म्हणणाऱ्यांनी यास हसण्याचे कारण नाही.) त्या उच्चारांची दुरुस्ती करण्यासाठीच तिला पगार मिळे. पण दुपारी पोलादी ताटलीतला भात आणि किमची खाताना, हातात धातूच्या काड्या कशा धरावयाच्या हे तीच मुले तिला शिकवीत, आणि ही दुरुस्ती फुकट असे.

आता थोडा हिशेब. शासनाने २०२४ साली सहा वर्षांखालील मुलांच्या खासगी शिकवणीची प्रथमच प्रायोगिक पाहणी केली. जवळजवळ निम्मी, म्हणजे ४७.६ टक्के, मुले कोठल्या ना कोठल्या शिकवणीस जातात असे तीत आढळले. ज्यांना लोक 'इंग्रजी बालवाडी' म्हणतात त्यांचा सरासरी मासिक खर्च १५ लाख ४५ हजार वोन होता; आपल्या चलनात नव्वद हजार ते एक लाख रुपये. गंमत अशी की, कायद्याने या संस्थांना 'बालवाडी' हा शब्द वापरता येत नाही. त्या शिकवणी म्हणून नोंदविलेल्या असतात. दहा मुलांचा वर्ग धरला तर महिन्याची जमा दीड कोटी वोनांवर जाते. त्या वर्गावरील परदेशी बाईला साधारण वीस ते पंचवीस लाख वोन आणि राहावयास एक खोली मिळते. दोन मुलांच्या शुल्कात तिचा पगार निघून वर उरतो. जागेचे भाडे, गाड्या, कोरियन शिक्षिका हे सारे वजा केले तरी, या धंद्यात विकली जाते ती बाईची विद्या नव्हे, हे कोणत्याही कारकुनास हिशेबवहीवरून कळेल. विकली जाते ती शेजारच्या मुलाच्या मागे न पडण्याची हमी. आणि सर्वांनीच ती विकत घेतल्यामुळे ती कोणालाच मिळत नाही.

पालकांना मूर्ख म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्यांचा हिशेब पक्का आहे. नोव्हेंबरातील विद्यापीठप्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असता देशभर विमानांची ये-जा थांबविली जाते, यावरून त्या परीक्षेचे वजन ध्यानात येईल. २०१७ पासून त्या परीक्षेत इंग्रजीची श्रेणी इतरांशी तुलना न करता ठरते. इंग्रजीवरचा ताण कमी व्हावा हा हेतू. पालकांनी अर्थ निराळा काढला: मोठेपणाची वर्षे गणितासाठी मोकळी ठेवावयाची, तर इंग्रजी लहानपणीच उरकलेले बरे. चांगल्या संस्थांत प्रवेशासाठी चिमुरड्यांच्या चाचण्या होऊ लागल्या आणि लोकांनी त्यांना सरकारी नोकरीच्या परीक्षेचे नाव जोडून 'चार वर्षांची परीक्षा', 'सात वर्षांची परीक्षा' म्हणावयास सुरुवात केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेथील मानवी हक्क आयोगाने शिक्षणमंत्र्यांस या प्रकाराला आळा घालण्याविषयी कळविले. पण बंदीचा इतिहास उत्साहवर्धक नाही. १९८० साली लष्करी राजवटीने खासगी शिकवण्या सरसकट बंद केल्या होत्या. त्या चोरून चालू राहिल्या, महाग झाल्या आणि २००० साली घटनात्मक न्यायालयाने ती बंदीच रद्द ठरविली.

बाईच्या बाजूचे व्यवहारही पाहण्यासारखे आहेत. कायदा तसा उदार आहे. एक वर्ष पुरे केले की सुमारे एका महिन्याचा पगार सेवानिवृत्तिवेतनासारखा हाती येतो, आरोग्यविमा असतो. परंतु मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलणे कठीण, आणि राहती खोलीही मालकाचीच. अकराव्या महिन्यात काहीतरी खुसपट काढून घरी पाठविल्याच्या तक्रारी या पेशात जुन्या आहेत. २००७ नंतर कित्येक वर्षे परदेशी शिक्षकांना एड्सच्या विषाणूची तपासणी सक्तीची होती. त्यांच्या शेजारी बसून तेच काम करणाऱ्या कोरियन शिक्षकांना नव्हती. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने तपासणीस नकार दिला आणि प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीपर्यंत नेले. २०१५ मध्ये समितीने तिच्या बाजूने मत दिले आणि २०१७ मध्ये ती सक्ती गेली. मुलांच्या ओंजळीतून खाऊ घेणाऱ्या बाईकडे शासन इतकी वर्षे संशयाने पाहत होते, ही विसंगती मला त्या पगाराच्या आकड्यांहून अधिक बोचते.

भारतीयांना हे दार अगदीच बंद नाही. २०१० पासून अंमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारात, पदवी व अध्यापनाची अर्हता असलेल्या भारतीयांना शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. म्हणजे आपल्या बी.एड.ला अर्हता सिद्ध करावी लागते आणि टोरांटोच्या भूगर्भशास्त्रज्ञास ती जन्माने प्राप्त असते. करारातील कलम आणि छायाचित्र पाहून अर्ज बाजूला ठेवणारा संचालक यांच्यातले अंतर कापण्याचे सामर्थ्य कोणत्याही व्यापारकरारात असत नाही.

आणि मुले तरी किती उरली आहेत? २०२३ साली तेथील जननदर दर स्त्रीमागे ०.७२ इतका खाली गेला. २०२४ मध्ये तो ०.७५ झाला. त्याच २०२४ साली शाळकरी मुलांची संख्या सुमारे ८० हजारांनी घटून ५१ लाखांवर आली, पण त्यांच्या खासगी शिकवणीवरचा खर्च वाढून २९.२ लाख कोटी वोनांवर पोहोचला. मूल वाढविणे परवडत नाही असे तरुण जोडपी सांगतात, तेव्हा ती याच आकड्यांविषयी बोलत असतात. आमच्या पुतणीच्या वर्गात पहिल्या वर्षी अकरा मुले होती, दुसऱ्या वर्षी सात. शुल्क वाढले. तिसऱ्या वर्षाचा करार तिने केला नाही. निघण्याच्या आठवड्यात तिच्या जागी येणाऱ्या आयरिश तरुणाची मुलांशी ओळख करून देण्यात आली. मुलांनी बेंबीवर हात ठेवून नमस्कार केला आणि त्याला वय विचारले.