चुंबकाला जागा कुणी दिली?

नागपूरच्या धंतोलीत आणि रामदासपेठेत चार पावले चालले की एमआरआयची एखादी पाटी दिसतेच. शिवनी-छिंदवाड्यापासून गडचिरोलीपर्यंतचे पेशंट इथे फाइल काखोटीला मारून येतात. आतल्या यंत्रांवरची नावे बहुधा ठरलेली असतात: सीमेन्स, जीई, फिलिप्स. 2025 मध्ये या यादीबाहेरचे एक नाव विदर्भात आले, पण ते नागपूरला न थांबता थेट चंद्रपूरला गेले. बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स या छोट्या कंपनीने बनवलेला देशी एमआरआय स्कॅनर तिथल्या कॅन्सर रुग्णालयात बसला. कंपनीसाठी ही पहिली व्यावसायिक जागा.

असले यंत्र बनवणे म्हणजे नेमके काय, हे कळल्याशिवाय त्यात पैसा घालणाऱ्याच्या छातीचा अंदाज येत नाही. यंत्र दीड टेस्लाचे आहे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30 हजार पट. एवढे क्षेत्र साध्या चुंबकाने मिळत नाही. त्यासाठी नायोबियम-टायटॅनियमच्या तारांचे वेटोळे उणे 269 अंशांच्या आसपास थंड ठेवावे लागते, मग तारांचा विद्युतरोध नाहीसा होतो. नेहमीच्या यंत्रांत हे काम शेकडो लिटर द्रवरूप हेलियम करतो आणि हा हेलियम आपण परदेशातून आणतो. थंडावा बिघडला की हेलियम उकळून नळीवाटे छतावरून निघून जातो. यालाच क्वेंच म्हणतात. मग यंत्र आडवे पडते आणि पुन्हा भरण्याचे बिल लाखांत येते. मे महिन्यात पारा 45 च्या वर आणि विजेचा लपंडाव सुरू, अशा विदर्भात हा प्रकार पुस्तकापुरता उरत नाही.

व्हॉक्सेलग्रिड्सने नेमके इथेच बोट ठेवले. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी दिल्लीत या स्कॅनरचे उद्घाटन केले, तेव्हा त्याचे वजन कमी आहे, वेग जास्त आहे आणि तो द्रवरूप हेलियमवर अवलंबून नाही, हेच ठळकपणे सांगितले गेले.

कंपनीचे संस्थापक अर्जुन अरुणाचलम हे एकेकाळी आयआयटी मुंबईत शिकवत. विद्यापीठातली नोकरी सोडून चुंबक बनवायला निघालेल्या माणसाला बँक कर्ज देत नाही आणि खरे तर देऊही नये. तारण काय ठेवणार, समीकरणे? पैसा आला तो वेगवेगळ्या खिशांतून. टाटा ट्रस्ट्स पाठीशी उभा राहिला. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने राष्ट्रीय बायोफार्मा मिशनमधून सुमारे 17 कोटींच्या प्रकल्पातले 12 कोटी दिले. 2021 मध्ये झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने 50 लाख डॉलर घातले. यातला एकही पैसा तीन वर्षांत दामदुप्पट मागणारा नव्हता, आणि माझ्या मते खरी गोम तीच आहे. ट्रस्टला परतावा नको असतो, सरकारला श्रेय पुरते. झोहो शेअर बाजारात नोंदलेली कंपनी नाही, त्यामुळे तिला दर तिमाहीला भागधारकांपुढे उभे राहावे लागत नाही.

घाई असलेल्या पैशाचे काय होते, त्याचा नमुना अमेरिकेत आहे आणि तोही याच चुंबकाभोवतीचा. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाला एमआरआय वर्ज्य असे. पेसमेकरची तार यंत्रातल्या रेडिओलहरी अँटेनासारखी पकडते आणि तिचे टोक हृदयाच्या आतच तापते. हे टाळता येईल अशी साधने बनवू म्हणून न्यूयॉर्क राज्यात बायोफॅन टेक्नॉलॉजीज नावाची छोटी कंपनी निघाली. शरीरात बसवता येणाऱ्या पेसमेकरचे एक जनक विल्सन ग्रेटबॅच तिचे सल्लागार. शेअर बाजारातल्या लहान गुंतवणूकदारांनी भरभरून पैसा ओतला. कल्पना चुकीची नव्हती. पण 2007 मध्ये कंपनीने एमआरआय-सुरक्षेची पेटंटे सुमारे 1 कोटी 10 लाख डॉलरना मेडट्रॉनिक या बड्या पेसमेकर कंपनीला विकली, आणि 2011 च्या फेब्रुवारीत एमआरआयला चालणाऱ्या पेसमेकरला अमेरिकेत पहिली मान्यता मिळाली ती मेडट्रॉनिकच्याच यंत्राला. ज्यांनी वेळेआधी पैसा लावला, त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही.

एमआरआय-सुरक्षित हा शब्द आपल्याकडे जाहिरातीत सैल वापरला जातो. खरे प्रकार तीन आहेत: हिरव्या चौकोनाचे लेबल म्हणजे निर्धोक, पिवळ्या त्रिकोणाचे म्हणजे ठरावीक अटींवर चालणारे, लाल वर्तुळाचे म्हणजे खोलीत आणूच नये असे. आजचे बहुतेक पेसमेकर पिवळ्या गटातले. लाल गटातली वस्तू खोलीत गेली की काय होते, हे मुंबईच्या नायर रुग्णालयात 27 जानेवारी 2018 ला दिसले. नातेवाइकाच्या तपासणीला आलेला एक तरुण ऑक्सिजनचे सिलिंडर हातात घेऊन आत गेला. यंत्र बंद आहे असे त्याला सांगितल्याचे घरच्यांचे म्हणणे होते. पण हे चुंबक रात्री दिवा मालवून घरी गेल्यावरही चालूच असते. तो यंत्राकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. स्ट्रेचर, सलाइनचा स्टँड, व्हेंटिलेटर, सिलिंडर ही सगळी साधने चुंबकाकडे न खेचली जाणारीही मिळतात, पण महाग पडतात. पन्नास-शंभर खाटांच्या रुग्णालयांना परवडतील अशी बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत भरपूर जागा आहे. पेसमेकरच्या वाटेला जाणाऱ्याने मात्र नियम नीट वाचावेत. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत जोखमीनुसार चार वर्ग आहेत, पेसमेकर सर्वांत वरच्या ड वर्गात येतो, आणि क व ड वर्गांना 1 ऑक्टोबर 2023 पासून केंद्राचा परवाना सक्तीचा आहे. त्या चाचण्यांची वर्षे भांडवलातून आधीच वजा धरावी लागतात.

चंद्रपूरचे रुग्णालय उभे राहिले ते राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि जिल्हा खनिज निधीच्या जोरावर. कोळशाच्या खाणींनी ज्या जिल्ह्याची हवा खराब केली, त्याच खाणींच्या पैशाचा एक वाटा तिथे आहे. गुंतवणूकदारांची नावे बातमीत येतात, पण माझ्या लेखी मोठी जोखीम या रुग्णालयाने उचलली. नव्या यंत्राचे दोष त्याच्याच पेशंटच्या रांगेसमोर उघडे पडणार.

देशी यंत्राला जागा देण्याचा हा मान विदर्भाला पूर्वीही मिळाला आहे. मुंबईच्या समीर या सरकारी संस्थेने बनवलेले सिद्धार्थ हे किरणोपचाराचे यंत्र सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बसले होते. पण गावोगावी ते पोहोचले नाही. कॅन्सर विभागांत आजही आयात यंत्रांचाच बोलबाला आहे. आता त्याच समीरने, सीडॅक आणि दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सलरेटर सेंटरसारख्या संस्थांना सोबत घेऊन, दीड टेस्लाचाच स्कॅनर तयार केला आहे, आणि त्याच्या चाचणीसाठी मार्च 2025 मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार झाला. म्हणजे व्हॉक्सेलग्रिड्सला आता परदेशी कंपन्यांशीच नव्हे, तर सरकारी चुंबकाशीही स्पर्धा करायची आहे. दोघांपैकी कुणाचा मेकॅनिक मे महिन्यातल्या दुपारी चंद्रपूरला आधी पोहोचतो, यावर पुढचे रुग्णालय ऑर्डर कुणाला द्यायची ते ठरवेल.